उठाव नाही

माझं एलडीएल 45 आलं त्या दिवशी मी गाळ्यावर सगळ्यांना चहा पाजला. डबल साखरेचा, कारण आमच्याकडे तसाच येतो.

वाशीच्या कांदा-बटाटा मार्केटात मी बावीस वर्षं हिशेब लिहितो. इथे हिशेब लिहिणाऱ्याला मेहताजी म्हणतात, आडनाव काहीही असो. गाव जुन्नर तालुक्यात, राहायला कोपरखैरणे, वय 49. विम्याची रक्कम वाढवायची होती म्हणून रक्त तपासायचं निघालं. एजंटाने ठरवलेल्या लॅबचा मुलगा सकाळी सहाला घरी येऊन रक्त घेऊन गेला आणि दुसऱ्या दिवशी मोबाइलवर रिपोर्ट आला. टोटल कोलेस्टेरॉल 262. एचडीएल 29. ट्रायग्लिसराइड 940. व्हीएलडीएल 188. एलडीएल 45.

एचडीएल म्हणजे चांगलं कोलेस्टेरॉल, एलडीएल म्हणजे वाईट आणि ते 100 च्या आत हवं, एवढं ज्ञान मोबाइलवर फिरणाऱ्या मेसेजांनी मलाही दिलेलं होतं. त्या हिशेबाने 45 म्हणजे वर्गात पहिला नंबर. 940 च्या पुढे बाण होता, पण बाण टोटलपुढेही होता, एचडीएलपुढेही होता. म्हटलं, पन्नाशीला टेकल्यावर दोन-चार बाण लागायचेच. अगदी खाली बारीक अक्षरात 'सॅम्पल लायपेमिक' अशी एक ओळ होती. मला तो लॅबचा शिक्का वाटला.

मुलगी बी.एस्सी. करते. रात्री जेवताना तिने रिपोर्ट वर-खाली केला आणि म्हणाली, "पप्पा, हे 940 आहे की 94 पॉइंट 0?" दोघांनी मिळून टिंब शोधलं. नव्हतं.

सेक्टरमधल्याच डॉक्टर मॅडमकडे गेलो. छातीत दुखतं का, धाप लागते का, असं काहीतरी विचारतील म्हणून मी उत्तरं तयार ठेवली होती. त्यांनी रिपोर्ट पाहिला, मला टेबलावर आडवं केलं आणि बरगड्यांच्या खाली मधोमध दाबलं. "इथे दुखतं कधी? दुखणं पाठीत जातं?" मी म्हटलं, गॅस होतो कधीकधी. "बसता का मित्रांबरोबर?" आठवड्यातून दोनदा, तीनदा. मी दोनदा म्हणालो. हिने तोंड उघडायच्या आत मी तिच्याकडे पाहिलं, तरी तिने तीनदा म्हणून सांगितलंच.

मॅडम म्हणाल्या, ट्रायग्लिसराइड म्हणजे रक्तातली चरबी, ती हजाराच्या घरात गेली की पहिली काळजी हृदयाची नसते, स्वादुपिंडाची असते. त्याला अचानक सूज येऊ शकते, आणि ती आली तर माणूस थेट आयसीयूत जातो. आजपासून दारू बंद. कमी करायची नाही, बंद. तळलेलं बंद. आणि उद्या सकाळी उपाशीपोटी पुन्हा रक्त, या वेळी साखरेसकट.

या वेळी वाशीतल्या दुसऱ्या लॅबमध्ये मी स्वतः गेलो. रात्री आठला मुगाची खिचडी खाल्ली होती, सकाळी नऊला रक्त दिलं. मध्ये तेरा तास पाण्याशिवाय काही नाही. सोनोग्राफीचा नंबर यायचा होता म्हणून तिथेच बसून राहिलो. तासाभराने आतला मुलगा बाहेर आला, "काका, काल रात्री पार्टी होती का?" मी म्हटलं, खिचडी होती. त्याला काय वाटलं कोण जाणे, त्याने मला आत बोलावून नळी दाखवली.

रक्ताची नळी मशीनमध्ये गरगर फिरवली की लाल भाग तळाशी बसतो आणि वर पिवळसर, नितळ पाणी राहतं. शेजारीच कुणाची तरी तशी नळी होती. तिच्यामागे त्याने बोट धरलं, बोट स्वच्छ दिसलं. माझ्या नळीत वरचा भाग पांढरट, किंचित गुलाबी, दुधात खूप पाणी घातल्यासारखा. मागे धरलेलं बोट दिसेना. लायपेमिक म्हणजे हे. शिक्का वगैरे काही नाही. रक्तात चरबी तरंगते आहे असा तो शेरा होता, आणि पहिल्या लॅबमध्ये कुणीतरी हेच दूध डोळ्यांनी पाहून तो टाइप केला होता. फोन करावा असं मात्र कुणाला वाटलं नाही.

मुलगा हौशी होता. उरलेलं सीरम त्याने फ्रिजमध्ये उभं ठेवलं आणि दुसऱ्या दिवशी मला फोटो पाठवला. वर पांढरा पातळ थर आलेला, अगदी साय. खालचं मात्र अजूनही गढूळच. तो फोटो मी हिला दाखवला. ती रोज दुधावरची साय काढून विरजण लावते. ती फोटोकडे बघत राहिली आणि त्या दिवशी आमच्याकडे साय तशीच भांड्याला राहिली.

दुसरे रिपोर्ट: ट्रायग्लिसराइड 968. उपाशीपोटी साखर 238. तीन महिन्यांची सरासरी सांगणारं एचबीए1सी 10.4. लिव्हरवर चरबी, ग्रेड दोन. थायरॉइड बरोबर. स्वादुपिंडही अजून शाबूत. एलडीएलच्या जागी नुसती रेघ आणि शेजारी टीप, की ट्रायग्लिसराइड 400 च्या वर असल्यामुळे काढता येत नाही.

मी विचारलं, "मॅडम, त्यांना 45 काढता आलं, यांना का नाही?"

मॅडमनी पहिला रिपोर्ट घेतला आणि 45 वर आडवी रेघ मारली. "तुम्ही हिशेबनीस ना? करा मग. 940 ला पाचाने भागा." 188. "262 मधून 29 वजा करा, 188 वजा करा." 45. मी तोंडीच केलं आणि गप्प झालो. बावीस वर्षं दुसऱ्यांच्या हिशेबपट्ट्या तपासतोय आणि स्वतःच्या कागदावरचा शिलकीचा आकडा मला ओळखू आला नाही.

एलडीएल बऱ्याच ठिकाणी मोजतच नाहीत, वजाबाकीने काढतात. 1972 साली फ्रीडवाल्ड आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी हे सूत्र दिलं, कारण तेव्हा एलडीएल वेगळं करायला प्रचंड वेगाने फिरणारं खास यंत्र लागायचं आणि ते गावोगावी असणं शक्य नव्हतं. टोटल मोजा, एचडीएल मोजा, ट्रायग्लिसराइड मोजा. व्हीएलडीएलमध्ये, म्हणजे लिव्हरने रक्तात पाठवलेल्या चरबीच्या पुडक्यांत, ट्रायग्लिसराइडच्या साधारण एक पंचमांश कोलेस्टेरॉल असतं असं धरा. उरलं ते एलडीएल. हा ठोकताळा एरवी चांगला चालतो. आमच्याकडे नाही का, गोणी 50 किलोची धरली की गोण्या मोजून वजन सांगता येतं. पण गाडीत मध्येच वेगळ्या मापाच्या गोण्या भरल्या असतील तर? माझ्या रक्तात नेमक्या तशाच होत्या, चरबीने टम्म फुगलेल्या आणि कोलेस्टेरॉल नावापुरतं. पाचाने भागून व्हीएलडीएलच्या नावावर भरमसाट कोलेस्टेरॉल लागलं, आणि एलडीएलच्या वाट्याला 45 उरलं.

पहिल्या लॅबला मी फोन केला. पलीकडून उत्तर आलं, "सर, तो सिस्टिम जनरेटेड रिपोर्ट आहे." आमच्या मार्केटात अशी पट्टी शेतकऱ्याच्या हातात दिली असती तर त्याने गाळ्यावरच बसकण मारली असती.

मॅडमनी पहिल्या रिपोर्टवर स्वतःच्या हाताने एक आकडा लिहिला: 233. टोटलमधून एचडीएल वजा. याला नॉन-एचडीएल म्हणतात. यात कुठलंही गृहीतक नाही, दोन्ही आकडे मोजलेले. जे जे कोलेस्टेरॉल रक्तवाहिनीच्या भिंतीत घुसू शकतं ते सगळं यात आलं. "तुमच्यासारख्याने हा बघायचा," त्या म्हणाल्या.

आता साखर आणि चरबी यांचा संबंध काय, हे मला काही केल्या कळेना. घरात तोवर वेगळाच खटला उभा राहिला होता. आरोपी तूप. गावाहून आईने दिलेली तुपाची बरणी हिने माळ्यावर टाकली. चहा मात्र दिवसाला आठ कटिंग चालू होता, त्याच्यावर कुणाचा संशयच नव्हता. मी मॅडमना विचारलं, "एवढं तूप मी खातच नाही हो, मग एवढी चरबी आली कुठून?" त्या म्हणाल्या, "म्हैस तूप खाते का?"

म्हैस कडबा खाते आणि तिच्या दुधावर बोटभर साय येते. तिची पद्धत वेगळी आहे, पण मुद्दा मला कळला. जास्तीची साखर आणि दारू लिव्हरकडे गेली की तिथे त्यांची चरबी बनते. मित्रांबरोबर बसून झालेली प्रत्येक रात्र आणि डबल साखरेचा प्रत्येक चहा माझ्या लिव्हरने इमानेइतबारे जमा खाती धरला होता.

पुढचं काही मॅडमनी सांगितलं, काही मुलीच्या पुस्तकातून तिने समजावलं.

चरबी पाण्यात विरघळत नाही आणि रक्त बरंचसं पाणीच आहे. खरकट्या ताटावरचं तूप नुसत्या पाण्याने निघत नाही, साबण लागतो. आतड्यात तो साबण म्हणजे पित्त. लिव्हर ते कोलेस्टेरॉलपासूनच बनवतं. पित्ताने तुपाचे बारीक बारीक थेंब केले की स्वादुपिंडाचा रस ते तोडतो, आतड्याच्या पेशी ते तुकडे आत घेतात आणि आत गेल्यावर पुन्हा जोडून त्यांची चरबी करतात. मला हा उद्योग पहिल्यांदा वेडेपणाचा वाटला. तोडायचं आणि परत जोडायचं? पण आख्खा थेंब पेशीच्या भिंतीतून जात नाही, तुकडे जातात. जोडलेल्या चरबीला वरून प्रथिनाचं आणि इतर वेष्टण चढतं. या पुडक्याचं नाव कायलोमायक्रॉन. फ्रिजमधल्या नळीत वर आलेली साय ती हीच. खालचं गढूळ होतं ते लिव्हरने स्वतः बनवून पाठवलेलं व्हीएलडीएल. म्हणजे त्या एका फोटोत खाल्लेली चरबी आणि बनवलेली चरबी वेगवेगळी दिसत होती.

मला सगळ्यांत नवल वाटलं ते रस्त्याचं. भाताची साखर आतड्यातून थेट लिव्हरकडे जाते, तिला जकात चुकत नाही. चरबीची पुडकी मात्र रक्तात शिरतच नाहीत. ती लसिकेच्या वेगळ्या वाहिन्यांत जातात, पाठीच्या कण्यापुढून छातीतून वर चढतात आणि डाव्या गळपट्टीच्या हाडामागे, मानेच्या बुडाशी एका मोठ्या शिरेत उतरतात. तिथून हृदय, फुप्फुस आणि मग अंगभर. दुपारी खाल्लेल्या भजीचं तेल संध्याकाळी माझ्या मानेपाशी रक्तात पडत असतं, हे कळल्यापासून हात आपोआप तिथे जातो.

अंगभर फिरणारी ही गाडी खाली कुठे होते? स्नायू आणि चरबीच्या पेशींजवळच्या केसाहून बारीक रक्तवाहिन्यांच्या आतल्या भिंतीला एक एन्झाइम चिकटून असतं, लायपोप्रोटीन लायपेज. गाडी समोर आली की ते ट्रायग्लिसराइड तोडून उतरवून घेतं. निरोगी माणसात एखादं पुडकं काही मिनिटांत रिकामं होतं. जेवणानंतर तीन-चार तास रक्तात चरबी चढलेली असते आणि दहा-बारा तासांत सगळं निवळतं. म्हणून तर रात्रभर उपाशी ठेवून रक्त घ्यायची पद्धत पडली.

माझं तेरा तासांनीही निवळलं नव्हतं. कारण चरबीच्या पेशींजवळचं हे एन्झाइम इन्सुलिनच्या हुकमाने वाढतं, आणि माझं इन्सुलिन कधीपासून निष्प्रभ झालं होतं देव जाणे. त्यात इन्सुलिनचा धाक सुटला की चरबीच्या पेशी साठवलेला माल रक्तात सोडू लागतात, लिव्हर तो उचलतं आणि आणखी व्हीएलडीएल भरून पाठवतं. आतड्याच्या गाड्या आणि लिव्हरच्या गाड्या एकाच एन्झाइमसमोर रांगेत. रांग एवढी वाढली की पुढे खाल्लेला एखादा वडाही तिच्या शेपटाला जाऊन लागतो.

मी म्हटलं, "मॅडम, म्हणजे उठाव नाही."

त्यांना शब्द कळला नाही. आमच्याकडे रोज सकाळी दोन गोष्टी विचारतात, आवक किती आणि उठाव कसा, म्हणजे आलेला माल किती उचलला जातो. गावाकडे लोकांना वाटतं की आवक वाढली म्हणून मार्केट तुंबलं. तसंही होतं. पण माथाडींचा बंद असला की नेहमीच्याच गाड्या उभ्या राहतात, रांग रस्त्यावर येते, ताडपत्रीखाली कांदा घामेजतो. आवक तीच, खाली करणारे हात नाहीत. मॅडम हसल्या आणि म्हणाल्या, "बंद मिटेपर्यंत गाड्या पाठवू नका." तूप, तेल, तळण दोन महिने अगदी कमी करायला त्यांनी का सांगितलं, ते तेव्हा लक्षात आलं. गुन्हा तुपाचा नव्हता, पण त्यालाही बाहेर थांबवणं भाग होतं.

बंद मिटवायला इन्सुलिन सुरू झालं. रात्री झोपताना पोटावर, पेनने. सुई एवढीशी, पण पहिल्या रात्री मी पेन हातात धरून पाऊण तास बसलो होतो. शेवटी मुलीने टोचलं. त्याबरोबर साखरेची गोळी आणि फेनोफायब्रेट. ही दुसरी गोळी ते एन्झाइम वाढवते आणि उठाव सुधारते. दारू सुटणं मला वाटलं त्याहून सोपं गेलं, मित्र सुटणं अवघड गेलं. चहा बिनसाखरेचा, तोही दोनदा. पहिले आठ दिवस डोकं धरून काढले.

घरी चौघांच्या भाजीला दोन चमचे तेल. हिने दुकानातून शेंगदाणा तेलाची पिशवी आणली, वर ठळक छापलेलं: 'कोलेस्टेरॉल नाही'. मी मुलीला विचारलं, हे कसं काढून टाकतात? ती म्हणाली, काढतील कुठून, शेंगदाण्यात ते कधी नव्हतंच. प्राण्यांच्या शरीरात असतं, झाडाला लागलेल्या दाण्यात आपलं ते कोलेस्टेरॉल जवळजवळ सापडतच नाही. 'या बटाट्यात हाडं नाहीत' असं पाटीवर लिहून आम्हीही दोन रुपये भाव जास्त लावायला हरकत नाही.

तीन आठवड्यांनी ट्रायग्लिसराइड 388. लॅबमधल्या मुलाने आपण होऊन नळी आणून दाखवली. नितळ नव्हती, पण मागचं बोट दिसलं.

तीन महिन्यांनी पूर्ण रिपोर्ट. ट्रायग्लिसराइड 210, एचडीएल 34, टोटल 214. आणि एलडीएल 138.

मी तिथेच खुर्चीत बसलो. 45 वरून 138! या तीन महिन्यांत मी फरसाण पाहिलं नव्हतं. भावाने फोनवर निकाल दिला, गोळ्यांनीच बिघडवलं, सोडून दे आणि लसूण खा. मॅडमकडे जाईपर्यंत दोन दिवस मी फेनोफायब्रेट घेतली नाही. हे लिहायला लाज वाटते, पण झालं ते झालं.

मॅडम रागावल्या नाहीत. 45 खोटं होतं हे मीच विसरलो होतो, ते त्यांनी आठवून दिलं. नॉन-एचडीएल 233 वरून 180 वर आलं होतं, म्हणजे एकूण ओझं उतरलं होतं. शिवाय एलडीएल खरोखर थोडं वाढलेलंही असू शकतं, आणि तेही उठाव सुरू झाल्यामुळेच. लिव्हरची व्हीएलडीएलची गाडी चरबी उतरवत उतरवत लहान होत जाते आणि शेवटी उरते ती कोलेस्टेरॉलने भरलेली एलडीएल. रांग तुंबलेली असताना गाड्या त्या टोकापर्यंत पोचतच नव्हत्या. आता पोचायला लागल्या, तर त्यांना आत घेणारं दार हवं.

ते दार लिव्हरच्या पेशींवर असतं. अमेरिकेतल्या ब्राउन आणि गोल्डस्टाइन या दोघांनी ते शोधलं आणि त्यांना 1985 चं नोबेल मिळालं. जन्मतःच ही दारं कमी असलेली माणसं असतात. त्यांचं एलडीएल लहानपणापासून चढलेलं असतं आणि ऐन तारुण्यात हृदयाचा झटका येऊ शकतो, मग ती सडपातळ असोत नाहीतर शाकाहारी. दारं कमी पडली की एलडीएल रक्तात दोन-तीन दिवसांहून जास्त घुटमळतं. ते इतकं बारीक असतं की रक्तवाहिनीच्या भिंतीत शिरतं आणि तिथे अडकतं. फुगलेलं कायलोमायक्रॉन एवढ्या फटीतून जाऊच शकत नाही. माझं दुधाळ रक्त बघून मी घाबरलो होतो, ते स्वादुपिंडासाठी वाईट होतं; हृदयाचा खरा वैरी नितळ रक्तात न दिसता फिरतो. नळीमागे बोट धरून तो ओळखता येत नाही.

दारं वाढवायला स्टॅटिनची गोळी लागली. ती लिव्हरमध्ये कोलेस्टेरॉल बनवणारं एन्झाइम अडवते. आपलं बरंचसं कोलेस्टेरॉल शरीर स्वतःच बनवतं, ताटातून येतं ते कमी. घरचं उत्पादन घटलं की लिव्हर रक्तातलं एलडीएल आत ओढायला जास्त दारं उघडतं. या गोळीची कूळकथा मात्र मी मार्केटात दहा जणांना सांगितली असेल. अकिरा एन्डो नावाच्या जपानी शास्त्रज्ञाने 1970 च्या दशकाच्या सुरुवातीला हजारो बुरश्या तपासल्या, सहा हजारांच्या वर. ज्या बुरशीत या कुळातलं पहिलं औषध सापडलं ती क्योटोमधल्या एका धान्याच्या दुकानातल्या तांदळावरची होती. एन्डो 2024 मध्ये गेले. समोरच्या दाणा मार्केटात बुरशी धरलेला तांदूळ निघाला की शिव्या देत बाजूला काढतात. मी आता थांबून बघतो.

गोळी सुरू झाल्यावर पंधरा दिवसांनी पोटऱ्या दुखायला लागल्या. स्टॅटिनने स्नायू दुखतात हे मोबाइलवर वाचलेलं होतंच. मॅडमनी स्नायूंची तपासणी केली, ती बरोबर आली. मग त्यांनी चपला बघितल्या. त्याच आठवड्यात मी निसर्ग उद्यानात रोज पाऊण तास चालायला लागलो होतो, झिजलेल्या सँडलवर. बूट घेतले, दुखणं थांबलं.

चालण्यावरून एक गैरसमजही गेला. मला वाटायचं, चाललं की कोलेस्टेरॉल जळतं. ट्रायग्लिसराइड जळतं, ते इंधनच आहे, आणि चालणाऱ्या पायाच्या स्नायूंत माल उतरवणारं एन्झाइमही वाढतं. कोलेस्टेरॉल मात्र आपल्या शरीराला जाळता येत नाही. एचडीएल ते गोळा करून लिव्हरकडे आणतं, लिव्हर ते पित्तात टाकतं आणि पित्तावाटे शौचातून गेलं तेवढंच गेलं. त्यातही आतडं जवळजवळ सगळं पित्त परत खेचून घेतं. इसबगोल त्यातलं थोडं धरून ठेवतो, मग लिव्हरला नवं पित्त बनवायला रक्तातलं कोलेस्टेरॉल लागतं. गावाकडे आजोबा रात्री पाण्यात इसबगोल घेत, ते पोट साफ व्हावं म्हणून. मीही घेतो.

एचडीएल वाढवायची गोळी द्या म्हणून मी मागे लागलो होतो. मॅडम म्हणाल्या, तशी औषधं निघाली, आकडा वाढलाही, पण त्यामुळे झटके कमी झाले असं काही दिसलं नाही. विषय संपला.

सातव्या महिन्यातला रिपोर्ट माझ्या पाकिटात आहे. टोटल 140, ट्रायग्लिसराइड 165, एचडीएल 36, एलडीएल 71. वजाबाकी मी स्वतः करून पाहिली, जुळते. नॉन-एचडीएल 104. एचबीए1सी 6.9, इन्सुलिन सुटलं, गोळ्या राहिल्या. बरणी माळ्यावरून खाली आली. पुरणपोळीवर एक चमचा, मोजून.

मागच्या आठवड्यात आमच्या टोळीचा मुकादम गाळ्यावर आला. पूर्वी पाठीवर गोणी घेऊन पळायचा, आता नुसती टोळी सांभाळतो आणि संध्याकाळी बसतो. युनियनच्या कार्डासाठी त्याने कुठेतरी रक्त तपासलं होतं. मोबाइल माझ्यासमोर धरून म्हणाला, "मेहताजी, बघा. एलडीएल 38. तुमचं एवढं पथ्य करून 71. पाजा चहा!"

मी म्हटलं, "जरा वर सरकव. ट्रायग्लिसराइड काय लिहिलंय?"

त्याने अंगठ्याने पान वर ओढलं. मी टेबलावरचं पेन उचललं.